वर्गात कथेची चर्चा: आधी ओळ, मग अर्थ

पदवीच्या वर्गाला लघुकथा शिकवायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: कथा वाचून झाल्यावर 'काय वाटलं?' असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. फार मागे लागलं तर कुणीतरी तात्पर्य सांगून मोकळं होतं. चर्चा रंगलीच तर 'शेवटी ज्याचा त्याचा अर्थ' इथे येऊन विझते. त्यात मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, 'लेखकाच्या डोक्यात खरंच एवढं सगळं असेल का?' यातून वाट कशी काढायची, आणि परीक्षेचं काय करायचं?

माझ्या मते कथेचा अर्थ सांगणं म्हणजे एक दावा करणं, आणि दावा मोडता आला पाहिजे. मुलांकडे मतं भरपूर असतात. ती तपासून पाहायची सोय मात्र आपण वर्गात ठेवलेली नसते, त्यामुळे एकतर कुणी बोलत नाही किंवा सगळ्यांचं सगळंच बरोबर ठरतं.

'काय वाटलं?' हा प्रश्न आधी सोडून द्या. कानाला तो मोकळाढाकळा वाटतो, पण उत्तर देणाऱ्यासाठी फार अवघड असतो. कथा नुकती संपलेली असते, जे काही वाटलं ते अजून धूसर असतं, आणि ते भरल्या वर्गासमोर नेमक्या शब्दांत मांडायचं असतं. मग मुलगा गप्प बसतो किंवा तयार वाक्य पुढे करतो: 'दारिद्र्याचं विदारक चित्रण', 'मानवी नात्यांची गुंतागुंत'. 'तात्पर्य काय?' हा प्रश्न त्याहून वाईट, कारण त्याचं उत्तर द्यायला कथा वाचलेली असावी लागत नाही. मागच्या वर्षीच्या वह्यांवर भागतं.

मी एवढंच विचारते: वाचताना कुठे थांबलात? जिथे अडखळलात, परत मागे गेलात, काहीतरी खटकलं, असं एक वाक्य शोधा आणि वहीत जसंच्या तसं उतरवून काढा. कारण नंतर. पाच मिनिटांनी एकेकाने नुसतं आपलं वाक्य वाचायचं, त्यावर काहीही न बोलता. हे अगदी लाजाळू मुलालाही जमतं, कारण तो स्वतःचं काही बोलत नसतो, कथेतलंच वाचत असतो. आणि दहा-बारा वाक्यं कानावर पडेपर्यंत वर्गाच्या लक्षात येतं की बरेच जण त्याच दोन-तीन जागी थबकलेत. चर्चा तिथून सुरू करायची. फळ्यावर ती वाक्यं लिहा. विषय आपोआप मिळतो.

हे जमायचं तर कथा सगळ्यांनी खरोखर वाचलेली हवी. 'घरून वाचून या' यावर माझा विश्वास राहिलेला नाही. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये त्याचा समकालीन कथाकार हॉथॉर्न याच्या कथांवर लिहिताना म्हटलं होतं की लघुकथेची ताकद ती एका बैठकीत वाचून होण्यात आहे. ही सोय कादंबरी शिकवणाऱ्याला नाही, आपल्याला आहे, तर ती वापरावी. पहिल्या तासाला कथा मोठ्याने वाचायची. शिक्षकाने वाचली तर उत्तम, मात्र नाटकी आवाज काढू नका. तुमच्या आवाजातल्या हुंदक्याने अर्थ आधीच ठरवून टाकला तर मुलांना करायला काही उरत नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतलं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न टाकून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हाच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. त्यांचं काम विज्ञानाच्या वर्गांवरचं. कथेच्या वर्गात मला तीन सेकंदही कमीच वाटतात, कारण उत्तर द्यायला पान उलटून मागे जावं लागतं.

आता एक कथा जवळून पाहू. रशियन लेखक चेकॉव्हची १८८६ मधली गाडीवानाची कथा मी बहुतेक दर वर्षी घेते. लहान आहे, वीस मिनिटांच्या आत वाचून होते. आयोना पोतापोव्ह या म्हाताऱ्या गाडीवानाचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. बर्फ पडत असलेल्या संध्याकाळी तो गाडी घेऊन उभा आहे आणि जो भेटेल त्याला हे सांगू पाहतो: लष्करी अधिकाऱ्याला, दंगा करणाऱ्या तीन तरुणांना, एका घराच्या दरवानाला, गाडीवानांच्या रात्रीच्या मुक्कामावरच्या दुसऱ्या गाडीवानाला. कुणी ऐकून घेत नाही. शेवटी तो तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सांगतो.

वर्गातून पहिला दावा जवळजवळ ठरलेला असतो: 'ही कथा श्रीमंतांच्या गरिबांबद्दलच्या निष्ठुरपणाची आहे.' मी मान डोलावत नाही, नाकारतही नाही. विचारते, याच्या विरोधात जाणारी जागा कथेत आहे का? ती शोधायला सगळ्यांना दहा मिनिटं. दोन-तीन जागा सापडतातच. मुक्कामावरचा तरुण गाडीवान आयोनाच्याच पेशाचा, त्याच्याइतकाच गरीब. पाणी पिण्यापुरता उठतो आणि आयोना बोलत असतानाच डोक्यावरून पांघरूण ओढून झोपी जातो. दरवानही काही धनिक नव्हे, तोही 'पुढे हो' म्हणतो. उलट पहिला अधिकारी, ज्याला आपण निष्ठुरांच्या यादीत घातलेलं असतं, तो 'मुलगा कशाने गेला?' असं विचारतो. कथेत हा प्रश्न विचारणारा तो एकटाच. पुढे तोही डोळे मिटून घेतो, पण विचारतो हे खरं. म्हणजे वर्गभेदाचा अर्थ अगदीच खोटा नाही, पण तेवढ्यावर कथा मावत नाही. हे कुणा टीकाकाराने सांगायची गरज पडली नाही. कथेतल्याच दोन-तीन जागांनी सांगितलं.

मग मी त्या तीन तरुणांकडे वळते. ते शिव्या देतात, एकजण मानेवर हाणतोही, आणि निवेदक सांगतो की त्यांचा दंगा ऐकताना, माणसं दिसताना आयोनाच्या मनावरचा एकटेपणाचा भार थोडा हलका होऊ लागतो. हे वाक्य फार कमी मुलांनी उतरवून घेतलेलं असतं, कारण ते आपल्या अपेक्षेच्या उलट जातं. कथेतली अशीच वाक्यं आधी हाताशी धरावीत. शिव्या ऐकून हलकं वाटतं, म्हणजे आयोनाला नेमकं काय हवं आहे? दया? सांत्वन? की नुसतं कुणीतरी आसपास असणं? इथे वर्ग खऱ्या अर्थाने भांडायला लागतो.

यापुढची जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. मुक्कामावर पोचल्यावर कथेत एक यादी येते: आयोनाला काय काय सांगायचं आहे. मुलगा आजारी कसा पडला, त्याला काय यातना झाल्या, मरण्यापूर्वी तो काय बोलला, मेला कसा, अंत्यविधी, त्याचे कपडे आणायला रुग्णालयात गेलो ते, गावाकडची मुलगी अनिस्या. मी मुलांना सांगते, यातलं काय काय आपल्याला कळलं ते शोधा. ताप असावा आणि तीन दिवस रुग्णालयात होता, एवढंच कळतं. तो मरताना काय बोलला? कळत नाही. शेवटच्या वाक्यात आयोना घोडीला सगळं सांगतो असं म्हटलं आहे, आणि ते 'सगळं' काय हे न सांगता कथा संपते. ही गोष्ट ध्यानात आली की वर्गात एक चमत्कारिक अस्वस्थता पसरते. आपण आतापर्यंत अधिकाऱ्याला, तरुणांना, दरवानाला नावं ठेवत होतो. पण आयोनाची हकिगत आपणही ऐकलेली नाही. ती ऐकली एकट्या घोडीने. यावरून 'वाचकही त्याच रांगेत उभा आहे' असा दावा करता येईल का? काहीजण हो म्हणतात. काहींचं म्हणणं, नाही, आपण ऐकायला तयार होतो, निवेदकाने ऐकवलं नाही, आणि तो फरक मोठा आहे. दोन्ही बाजूंना पुरावा आहे आणि मला अजून एका बाजूला जाता आलेलं नाही.

प्रतीकांचं प्रकरण इथेच निस्तरून घेऊ. बर्फ आला की कुणीतरी 'पांढरा रंग म्हणजे मृत्यू' असं ठोकून देतो. प्रतीकांचा कोश घेऊन कथेत शिरायची ही सवय शाळेतच लागलेली असते. त्यावर माझा एकच उपाय: बर्फ कथेत कुठे पडलाय ते दाखवा. पहिल्याच परिच्छेदात तो आयोनावर आणि घोडीवर सारखाच साचला आहे. दोघंही पांढरी, दोघंही निश्चल, तो वाकून बसलेला, तीही विचारात गढल्यासारखी. आणि नांगरापासून, ओळखीच्या करड्या रानापासून ओढून या झगमगीत शहरात आणून टाकलेल्याला विचार करण्यावाचून गत्यंतर नाही, असं निवेदक तिच्याबद्दल लिहितो. म्हणजे मन नावाची गोष्ट निवेदकाने घोडीला सुरुवातीलाच देऊन ठेवली आहे. शेवटी आयोना तिच्याशी बोलतो तो प्रसंग अचानक उपटलेला वाटत नाही, कारण दोघांची जोडी पहिल्या परिच्छेदातच एका बर्फाखाली उभी केलेली होती. बर्फाचा अर्थ मृत्यू असो वा नसो, बर्फ इथे काय काम करतो ते आता दिसलं.

'लेखकाच्या डोक्यात हे असेल का?' या प्रश्नाला मी अशीच बगल देते. विमसॅट आणि बीअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ मध्ये मांडलं की लेखकाचा हेतू आपल्याला उपलब्ध नसतो आणि कृती जोखायला तो माप म्हणून घेणंही योग्य नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६७ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. हा सिद्धान्तांचा इतिहास एम.ए.च्या वर्गाला ठीक आहे. पदवीच्या मुलाला मी म्हणते, त्याच्या डोक्यात काय होतं ते तुलाही कळणार नाही आणि मलाही. पहिल्या परिच्छेदातून घोडी काढून टाक आणि कथा पुन्हा वाच. काय बिघडलं ते सांग. वाक्य काढून पाहण्याचा हा प्रयोग इतका साधा आहे की मुलं तो स्वतःहून दुसऱ्या कथांवर करू लागतात.

लेखकाचं चरित्र अगदी वर्ज्य करा असं मी म्हणत नाही, पण ते उशिरा आणा. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांनी काय लिहिलं ते १९२९ मध्ये पुस्तकरूपाने छापलं. भलेभले वाचक कशाला अडखळतात याची त्यातली यादी आजही आपल्या वर्गाला लागू पडते: ठरीव प्रतिसाद, स्वतःच्या भलत्याच आठवणींची भेसळ, भावविवशता, आधीपासून बाळगलेली मतं. कथेवर नाव छापलेलं असलं की हे सगळं दुप्पट होतं. नाव मोठं असेल तर मुलं आधी हात जोडतात आणि मग वाचतात. पहिल्या वाचनाला नाव झाकून ठेवा. चेकॉव्ह डॉक्टर होता हे आधी कळलं तर सगळा वर्ग रुग्णालयाच्या उल्लेखाशी रेंगाळतो आणि घोडी मागे पडते.

तात्पर्याचा उपद्रव मात्र इतक्या सहज जात नाही, कारण काही कथा तात्पर्य हातात ठेवल्यासारख्या भासतात. फ्रेंच कथाकार मोपासांची १८८४ मधली हाराची कथा घ्या. मातिल्द मैत्रिणीचा हार उसना नेते, हरवते, नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकला तसाच दुसरा आणून देतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. वर्ग एकमुखाने म्हणतो: अंथरूण पाहून पाय पसरावेत. ठीक. मग शेवटच्या भेटीत, खरं कळण्याच्या आदल्याच क्षणी, मातिल्दच्या चेहऱ्यावर अभिमानाचं आणि भाबडं असं हसू कशाला आहे? आपण तसाच हार आणून दिला आणि मैत्रिणीला कळलंही नाही, याचा तिला आनंद होतो. हावरेपणाची शिक्षा एवढीच गोष्ट असती तर या हसण्याची गरज नव्हती. दहा वर्षांच्या कष्टांतून तिने कमावलेली एकच गोष्ट म्हणजे हा अभिमान, आणि पुढच्या वाक्यात तोही जातो. त्यावर तिला काय वाटलं हे कथा सांगत नाही. मैत्रिणीच्या तोंडी शेवटचं वाक्य देऊन थांबते. 'अंथरूण पाहून' ही म्हण या हसण्यापाशी येऊन अडकते. कथा जिथे थांबते ती जागा नेहमी तपासा: आणखी एक परिच्छेद लिहिता आला असता, तो का नाही?

निवेदकाबद्दल थोडं. निवेदक आणि लेखक वेगळे, हे मुलं पाठ करतात आणि 'मी'ने लिहिलेली कथा आली की विसरतात. अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदकाची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही अशा निवेदकाची, कल्पना मांडली; वर्गात ती व्याख्येने शिकवण्यापेक्षा 'हा माणूस काय लपवतोय?' असं विचारून शिकवावी. मराठी कथेत तर निवेदक कुणाला 'तो' म्हणतो आणि कुणाला 'ते', आणि हे मध्येच कुठे बदलतं का, एवढ्यावरून अर्धा तास चांगला जातो. जपानी लेखक अकुतागावाची १९२२ मधली, एका मृत्यूविषयी सात जबान्या देणारी कथा यासाठी नामी आहे. मुलं गुन्हेगार शोधत बसतात. पहिला अर्धा तास शोधू द्या. मग विचारा, तिघं जण मृत्यू आपल्याच हातून झाला असं सांगतात, यात प्रत्येकाला मिळतं काय? अनुवाद वाचत असाल तर मात्र एखाद्या सुट्या शब्दावर इमला बांधू नका. प्रसंगांचा क्रम, कोण बोलतं, काय गाळलं, यावर भर द्या.

आता 'ज्याचा त्याचा अर्थ'. हे वाक्य विनयाचं वाटतं, पण बहुतेक वेळा ते चर्चा बंद करण्यासाठी वापरलं जातं. वाचकाच्या प्रतिसादाला सर्वांत आधी गांभीर्याने घेणाऱ्यांत अमेरिकन अभ्यासक लुईज रोझेनब्लॅट येतात. त्यांचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक १९३८चं. पण त्यांनीही सगळे अर्थ सारखेच असं म्हटलं नाही. त्यांच्या दोन कसोट्या मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावते: तुमच्या अर्थाला संहितेतल्या कुठल्याही भागाने छेद जाता कामा नये, आणि संहितेत शब्दांचा आधार नाही असं काही तुम्ही त्यात घालता कामा नये. या दोन चाळण्यांतून एका कथेचे तीन-चार अर्थ सहज निघतात, पंधरा निघत नाहीत. घोडी खरंच ऐकते म्हणून शेवट दिलासा देणारा, की ऐकायला घोडीच उरली म्हणून सर्वांत भीषण? दोन्ही अर्थ पहिल्या कसोटीला उतरतात. 'आयोना शेवटी वेडा झाला' हा मात्र दुसरीवर पडतो. तो मांडणाऱ्या मुलाला तसं तोंडावर सांगायला हरकत नाही. मुलं दुखावतात ती मत पडलं म्हणून कमी, दुर्लक्ष झालं म्हणून जास्त.

शिक्षकाने स्वतःचा अर्थ सांगावा की नाही? हल्ली 'आपण फक्त सूत्रधार' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मुलांना माहीत असतं की तुमच्याकडे मत आहे. ते दडवलं तर ती ते ओळखायचा खेळ खेळतात. सांगा, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि त्याच नियमाने: माझा दावा हा, आधाराच्या ओळी या, आता मोडा.

एक काळजी घ्यावी लागते. आयोनाच्या कथेच्या वर्गात घरात नुकताच मृत्यू झालेलं कुणी असू शकतं; जातीच्या, हिंसेच्या, दारिद्र्याच्या कथेलाही हेच लागू. 'तुला तर हे जवळून माहीत असेल, सांग' असं कुणाही मुलाला कधीही म्हणू नये. स्वतःहून बोलला तर ऐकावं, आणि त्याच्या अनुभवाला वादात ओढू नये. वाद कथेच्या ओळींवरच ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.

राहिली परीक्षा. रसग्रहणाचं उत्तर म्हणजे कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली, शीर्षकाची समर्पकता असे कप्पे, आणि प्रत्येकात 'ओघवती', 'हृदयस्पर्शी', 'अंतर्मुख करणारी' ही विशेषणं. गाइडमधून आलेली ही उत्तरं ओळखायची युक्ती सोपी: उत्तरातली पात्रांची नावं खोडा आणि दुसऱ्या कथेची घाला. उत्तर तसंच चालत असेल तर त्यात कथेबद्दल काहीही नाही. कप्पे सक्तीचे असतील तर राहू द्या, पण प्रत्येक कप्प्यात किमान एक जागा दाखवायची अट घाला. 'वातावरणनिर्मिती प्रभावी आहे' याऐवजी 'पहिल्या परिच्छेदात बर्फ माणसावर आणि जनावरावर सारखाच साचतो, त्यामुळे शेवटची जोडी आधीच तयार होते' हे वाक्य परीक्षकालाही आवडतं. मी स्वतः वर्षानुवर्षं पेपर तपासते आहे.

अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हाती असेल तर एकाच पानाचं टिपण मागा. वरती कथेतलं एक वाक्य, मधे आपला दावा आणि त्याचे आधार, आणि शेवटी दाव्याच्या विरोधात जाणारी कथेतली एक जागा, तिचं काय करायचं यासह. गुणांचा मोठा वाटा या शेवटच्या भागाला ठेवा आणि तसं आधी सांगून टाका. अभ्यासक्रमातल्या सगळ्या कथा या पद्धतीने होणार नाहीत, वेळ पुरत नाही. सत्रात तीन कथांना प्रत्येकी दोन-तीन तास पूर्ण द्या, उरलेल्या कथा मुलांच्या जोड्या करून त्यांच्याकडे सोपवा, आणि आयोनाची कथा घ्यायची ठरली तर ती पहिल्या आठवड्यातच घ्या.